सखूबाईंची चुंबळ

न्हाणीत पाय घसरून सखूबाईंचं मनगट मोडलं आणि त्यांच्या चालण्यावर घरात पहारा बसला. मुलाचा, प्रितमचा, हात धरल्याशिवाय ओटीवरसुद्धा यायचं नाही. हाड दीड महिन्यात सांधलं, भीती काही हलेना. त्यात नात मनस्वीचं लग्न ठरलं. प्रितमने चार महिने आधीच बजावलं, “आये, हळदीला तू खुर्चीवर बसून बघ. नाचायचा नाय.”

गावातली एकही हळद बसून न काढलेल्या सखूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मनस्वीनेच मग त्यांना नवीन पनवेलच्या एका हॉलवर नेलं. म्हातारपणी तोल जाऊन पडू नये म्हणून फिजिओथेरपिस्ट रंजिता तिथे वयस्कर मंडळींना नाच शिकवायची. बाजूला पाऊल, मागे पाऊल, गिरकी, टाळी. सखूबाईंची नजर सारखी पायांवर. फरशीवर चिकटवलेल्या पट्टीवरून चालताना तर तिसऱ्या पावलाला त्या खिडकीचा गज धरायच्या.

“आजी, खाली काय हरवलंय?” रंजिताने विचारलं.

बाजूला नाच शिकणाऱ्या सफूराबी त्यांना तरुणपणापासून ओळखत होत्या. त्या म्हणाल्या, “मिठागराच्या बांधावरून टोपली घेऊन पळायचीस ना गं? आता पट्टीला घाबरतेस होय?”

सखूबाई थबकल्या. “तवा पायांकडं कोन बघायचा? मान वाकली का टोपली खाली. नजर पल्याडच्या मिठाच्या राशीवर.”

दुसऱ्या दिवशी त्या पिशवीत टोपली घेऊन आल्या. जुन्या लुगड्याची चुंबळ वळून डोक्यावर ठेवली, तिच्यावर रिकामी टोपली. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पार केली. पुढच्या आठवड्यात रंजिताने सगळ्यांनाच चुंबळी आणायला सांगितल्या. पुढे डोक्यावर टोपली नसतानाही सखूबाईंची मान ताठ राहिली.

हळदीच्या दिवशी बेंजो सुरू झाला. प्रितमने खुर्ची मांडली. सखूबाई तिला वळसा घालून थेट नाचणाऱ्या बायकांत शिरल्या. प्रितम दोन्ही हात पसरून मागे मागे. एवढ्यात एक दांडगा पाहुणा नाचता नाचता त्यांच्या खांद्यावर आदळला. प्रितम धावला, पण तोवर सखूबाईंचं एक पाऊल बाजूला पडलं होतं, दुसरं त्याच्या मागोमाग, आणि तिसऱ्याला त्या पुन्हा तालात होत्या.

“आये, लागलं नाय ना?”

“मना काय व्हतंय?” सखूबाई नाचतच म्हणाल्या. “तू बस त्या खुर्चीवर. पाठी धावून दमलास.”