समुद्राकडची मिशी

या गावाला उजवे-डावे कधी लागलेच नाही. गाव वसवले होडीवाल्यांनी. वल्ही मारणारा मागे तोंड करून बसे, सुकाणू धरणारा पुढे. एकाचे उजवे ते दुसऱ्याचे डावे. त्या घोळात होड्या खडकांवर जाऊ लागल्या, तेव्हा जाणत्यांनी दोनच बाजू ठेवल्या: समुद्राकडची आणि डोंगराकडची. पुढे होड्यांना इंजिने आली, तरी बोली टिकली. ‘तुझ्या डोंगराकडच्या गालाला पीठ लागलंय,’ असे सासू आजही म्हणते आणि सून नेमका तोच गाल पुसते.

केस कापणाऱ्या अण्णांचे दुकान याच बोलीवर चाले. छप्पर खचले म्हणून त्यांनी समोर नवे दुकान थाटले. आरसा मात्र आता उलट्या भिंतीवर आला आणि खुर्चीचे तोंडही फिरले. पहिलेच गिऱ्हाईक मिशाळकाका. सारा गाव त्यांच्या भरघोस मिशांच्या शब्दावर चाले. ते नाराज झाले, तर नव्या दुकानाची पायरी कोण चढणार?

“समुद्राकडची जरा वाढलीय. टोक उडव.”

अण्णांचा सरावलेला हात जुन्या दुकानातल्या समुद्राकडे गेला. कच्च!

“अरे, हा डोंगर!”

अण्णांनी घाईघाईने दुसरी बाजू कापली. ती जास्त उडाली. मग पहिली. बरोबरी साधता साधता ओठावर पेन्सिलीने ओढल्यासारखी एक रेघ उरली. बाकावर थांबलेल्या झुपकेदार मिशीच्या गुरुजींनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. कागद थरथरत होता. अण्णांनी कात्री खाली ठेवली.

तेवढ्यात पिशवी घेऊन काकू दारात आल्या. “अण्णा, आमचे हे आले होते का?”

“अगं, मीच बसलोय!”

काकू जवळ आल्या, वाकून पाहू लागल्या. काका डोळे मिटून ओशाळवाणे हसले.

“इश्श! ओठ आहेत की तुम्हाला! आणि हसल्यावर खळीसुद्धा पडते? इतकी वर्षं लपवून ठेवलीत?”

काका कानापर्यंत लाल झाले. त्यांनी आरशात हळूच एकदा हसून पाहिले, पुन्हा एकदा पाहिले.

“अण्णा, पुढच्या महिन्यात अश्शीच करा,” काकूंनी बजावले. “हे नको म्हणाले, तर मला हाक मारा.”

ती दोघे गेल्यावर गुरुजी स्वतःच उठून खुर्चीत बसले. अण्णांनी कात्री हातात घेतली, खिडकीबाहेरचा समुद्र नीट पाहून घेतला आणि जपून विचारले,

“कुठली बाजू कमी करू?”

“दोन्ही,” गुरुजी म्हणाले. “आणि बोलू नकोस.”