सासूबाईंना अंधेरीला नेलं तेव्हा

मी म्युनिसिपल शाळेत शिकवत होते, त्यामुळे मे महिना आला की घरातल्या सगळ्यांना एकच वाक्य सुचायचं. "तुला काय, सुट्टीच आहे." नणंद म्हणायची, मोठे दीर म्हणायचे. नवरा तोंडानं म्हणायचा नाही, पण माझी सुट्टी लागली की सकाळी उशिरापर्यंत लोळायचा तो.

आम्ही मुलुंडला राहत होतो, पूर्वेला, तळमजल्यावर. दोन खोल्या, आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जमिनीची एक अरुंद पट्टी. बिल्डिंगमधल्या बाकीच्यांच्या दृष्टीनं ती वरून कचरा फेकायची जागा होती. सासूबाईंनी तिथे बाग केली. सासरे गेल्यावर परळची खोली सोडून त्या आमच्याकडे आल्या, आणि पहिल्याच महिन्यात तबेल्यातून शेण आणायला लागल्या. मोरीच्या पाण्यावर अळू, कोपऱ्यात केळ, दाराशी मोगरा, आणि पावसाच्या तोंडावर दोडका, काकडी, पडवळ. वरून कोणी केर टाकला की खाली उभ्या राहून मालवणीत अशा काही शिव्या घालायच्या की वर्षभरात कचरा बंद झाला.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. एक शब्द तेवढा राहिला, "मेल्या". डॉक्टर आला तरी मेल्या, मी भात भरवला तरी मेल्या, सुट्टीत आलेल्या नातवंडांच्या डोक्यावरून डावा हात फिरवतानाही मेल्या. कुठला मेल्या रागाचा, कुठला भुकेचा, कुठला मायेचा, ते मला आणि शेजारच्या बाईंना कळायचं. मी सकाळी शाळेत असायचे तेव्हा त्या बाईच सासूबाईंपाशी बसत. त्या मूळच्या विदर्भातल्या. घरात भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो होता, आणि आवाज असा की सासूबाईंशी त्यांचं भांडण सुरू आहे असंच कोणालाही वाटावं. भांडण नव्हतं. एकीच्या मेल्याला दुसरी तितक्याच जोरात उत्तर द्यायची आणि दोघी खूश असायच्या.

झटक्याला दोन वर्षं झाली त्या मे महिन्यात नणंद नाशिकहून आली, नवरा आणि दोन मुलं घेऊन. तिचा नवरा चार दिवसांनी परत गेला, ती आणि मुलं राहिली. मुलांना सुट्टीत मामाकडे यायचं असतं, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण पाणी सकाळी तासभर यायचं. त्यात तिघांच्या आंघोळी वाढल्या, कपडे वाढले, दुपारचा आमरस वाढला, आणि सासूबाईंचं सगळं होतंच. त्यांना दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळवायचं, पुसायचं, मेणकापड धुवायचं, मऊ भात कालवून घासाघासानं भरवायचा. नणंद खुर्ची ओढून आईच्या पायथ्याशी बसायची आणि तिचा पाय दाबता दाबता मला बघत राहायची. पाय दाबण्यापलीकडे तिनं काही केलं नाही.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "आईला गाऊन? जन्मात कधी लुगड्याशिवाय राहिली नाही ती."

"वन्सं, लुगडं दिवसातून पाच वेळा नेसवायला दोन माणसं लागतात," मी म्हटलं.

"तसं नाही गं. आपलं बघायला कसंतरी वाटतं."

दुसऱ्या दिवशी तिनं मोगऱ्याच्या सगळ्या कळ्या खुडून मुलीला गजरा केला. रोज संध्याकाळी पाच-सहा कळ्या मी सासूबाईंच्या उशीशी ठेवायचे, अंथरुणाच्या वासावर तेवढाच उतारा. त्या संध्याकाळी उशीशी काही नव्हतं. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग नणंदेनं विचारलं, "ही शेजारची येते ना आईला भरवायला, ती आपल्यातली नाही ना?" मी म्हटलं, "नाही. ती रोज येते." तिला टोमणा कळला की नाही कोण जाणे. पण त्यानंतर बाईंनी दिलेला चहा ती तसाच निवत ठेवायची, आणि बाई मुकाट्यानं कप उचलून घेऊन जायच्या. माझ्या घरात. मी तेव्हाच बोलायला हवं होतं असं कोणी म्हणेल. मी भाकऱ्या थापत होते आणि दात ओठ खात होते.

एका दुपारी मी सासूबाईंना वळवताना नणंदेनं पाठीखालची जखम पाहिली. रुपयाएवढी होती. उन्हाळ्यात घामानं पुन्हा उघडली होती आणि मी तिला निळं औषध लावून, खाली रबराची रिंग ठेवून कशीबशी आवरत होते. नणंदेनं तोंडावर पदर घेतला. मला काही म्हणाली नाही. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून तिनं अंधेरीला मोठ्या भावाला फोन केला, आणि रविवारी ते हजर झाले.

मोठे दीर ऑफिसर होते. अंधेरीला नव्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता, लिफ्टचा. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा यायचे, आईच्या हातात संत्रं द्यायचे, तिच्याजवळ अर्धा तास बसायचे आणि जाताना डोळे पुसायचे. त्या दिवशी संत्रं नव्हतं. नवऱ्याला समोर बसवून ते म्हणाले, "पाठ सडवलीत तुम्ही तिची."

नवरा खाली बघत होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तो काहीतरी बोलेल म्हणून थांबले. तो म्हणाला, "उन्हाळा आहे ना दादा."

"मी घेऊन जातो तिला. महिनाभर राहू दे माझ्याकडे. माणसासारखी ठेवतो."

माणसासारखी. तो शब्द मी आजवर विसरले नाही. मी पुढे होऊन त्यांना समजावायला लागले की रात्रीही वळवावं लागतं, पाणी चमच्यानंच द्यायचं, नाहीतर ठसका लागतो. त्यांनी हात वर केला. "आम्हालाही कळतं." टॅक्सी आली, सासूबाईंना दोघांनी खुर्चीसकट उचलून नेलं. त्या डाव्या हातानं दाराची चौकट धरून बसल्या. नणंदेनं एकेक बोट सोडवलं आणि म्हणाली, "आई, बरं वाटेल गं तुला तिकडे." आई नाही तर इथे काय करायचं म्हणून तीही दुसऱ्या सकाळी मुलांना घेऊन नाशिकला गेली.

घर रिकामं झालं. मी पहिला दिवस झोपले. दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन मागच्या पट्टीत उतरले. वीत वीत भेगा पडलेली जमीन, वर नणंदेनं ओतलेल्या साबणाच्या पाण्याचा पांढरा थर. पाऊस आठ-दहा दिवसांवर आला होता आणि आळी अजून खणायची होती. एरवी सासूबाईंना मी मागच्या दारात खुर्चीवर बसवायचे आणि मी आळं चुकीच्या जागी घेतलं की त्या तिथून मेल्या म्हणत. आता कोणी नव्हतं. मी खणत होते आणि प्रत्येक घावाला एकेकाला उत्तर देत होते. दिराला, नणंदेला, त्या उन्हाळ्याच्या नावानं गप्प बसलेल्या नवऱ्याला. हाताला फोड आले. सासूबाईंनी राखेत घालून डब्यात ठेवलेलं बी मी काढलं, ओल्या फडक्यात बांधलं आणि मोड आल्यावर लावलं. शेजारच्या बाईंनी भिंतीला बांबू टेकवून मांडव बांधायला हात लावला. सुतळी ओढताना त्या म्हणाल्या, "बुढी नाही तर घर कसं मुकं झालं बघा."

आठवडासुद्धा झाला नव्हता. शनिवारी दुपारी फाटकाशी टॅक्सीचा हॉर्न वाजला. नवऱ्याची रात्रपाळी होती, तो घरी झोपला होता. बाहेर जाऊन बघते तर दीर पुढच्या सीटवर, आणि मागे सासूबाई एकट्याच, कोपऱ्यात कलंडलेल्या. डोकं काचेवर आपटत आलं असणार, कपाळाला लाल वळ होता. अंगावर कोरं लुगडं होतं.

"तिला करमेना तिकडे," दीर म्हणाले. "दिवसरात्र मेल्या मेल्या. शेजारी विचारायला लागले. आणि तुझ्या जाऊबाईची कंबर धरलीय."

मी आत वाकले आणि मला वास आला. नवरा आणि दीर त्यांना उचलून आत घेऊन आले. पलंगावर ठेवल्यावर मी लुगड्याचा पदर बाजूला केला. आत त्यांचा तोच गाऊन होता, आमच्या घरून गेलेला, भिजून अंगाला चिकटलेला. बदलला नव्हता. त्याच्यावरूनच नवं लुगडं गुंडाळलं होतं, टॅक्सीवाल्याला दिसू नये म्हणून, की आम्हाला दिसू नये म्हणून. ओठ सुकून फुटले होते. पाठीची जखम आता तळहाताएवढी झाली होती.

दीर दारातच उभे होते. "बरं, मी निघतो. टॅक्सी थांबलीय."

"टॅक्सी सोडा," मी म्हटलं. "चपला काढा आणि आत या."

"कशाला?"

"आईंना पुसायचंय. तुम्ही दोघांनी."

ते हसल्यासारखे झाले. "अगं, मी मुलगा आहे तिचा."

"म्हणूनच सांगतेय."

"बायकांचं काम आहे ते. तिला लाज वाटेल."

"अशा अवस्थेत मुलुंडपर्यंत आणताना त्यांना लाज वाटेल असं वाटलं नाही तुम्हाला? चौथ्या मजल्यावरून खाली आणलंत ना?"

नवरा मध्ये पडला. "तू कर ना पटकन. ओली आहे ती. भांडण नंतर कर."

मी त्याच्याकडे वळले. आवाज चढला नाही माझा, उलट खाली गेला. "दोन वर्षं पटकन करतेय मी. तुम्ही शेजारच्या खोलीत पेपर वाचत असता. आज मी हात लावणार नाही. तुम्ही दोघं नुसते उभे राहिलात तर त्या तशाच राहतील, आणि मी बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला बोलावून दाखवीन."

दाखवलं असतं का, मला माहीत नाही. तोपर्यंत शेजारच्या बाई मागच्या दारानं बादली घेऊन आल्या होत्या. त्यांनी ती दिरांच्या पायाशी ठेवली. "पाणी कोमट केलंय," एवढंच बोलल्या आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

दिरांनी मनगटावरचं घड्याळ काढलं. शर्टाच्या बाह्या दुमडल्या. फडकं पिळलं, पण आईच्या अंगाला लावायला हात पुढे जाईना. नवऱ्यानं गाऊन कात्रीनं कापला, कारण अंगावरून काढता येत नव्हता. मी भिंतीला पाठ लावून, हात बांधून उभी होते. "खांद्याला धरा. ओढू नका, सोलवटेल. कुशीवर घ्या. आता पुसा." मी सांगत होते, ते करत होते. दीर घाबरून वरवर पुसत होते, धूळ झटकावी तसे. तेव्हा सासूबाईंनी डाव्या हातानं त्यांचं मनगट पकडलं. "मेल्या," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा हात दाबून जिथे पुसायला हवं तिथे नेला. पुन्हा नेला. लहान पोराला अंघोळ कशी करायची ते दाखवावं तसं. सासूबाईंच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. माझ्याइतकाच राग होता.

जखम दिसली तेव्हा दीर थबकले. सगळं आटोपल्यावर मोरीत बराच वेळ हात धूत बसले, मग घड्याळ खिशात टाकून निघून गेले. गणपतीपर्यंत त्यांनी इकडे तोंड दाखवलं नाही. जाऊबाईंनी नातेवाइकांत पसरवलं की मी मोठ्या दिराला भंग्याचं काम करायला लावलं. त्या शब्दानं मला किती चीड आली ते सांगता येणार नाही, माझ्यासाठीही आणि ज्यांच्यावरून तो शब्द वापरला त्यांच्यासाठीही.

जखम भरायला सगळा पावसाळा लागला. त्या दिवसानंतर संध्याकाळचं बदलणं नवऱ्यानं घेतलं. मी सांगितलं नव्हतं. पहिले काही दिवस तो तोंड पाडून करायचा, नंतर सवय झाली. मला त्याचं कौतुक करावंसं कधी वाटलं नाही. त्याचीच आई होती. मांडवावर दोडके इतके लागले की आम्ही आणि शेजारच्या बाई खाऊन कंटाळलो.

दिवाळीत नणंद आली, या वेळी एकटीच. पहिल्या सकाळी मी चहा ठेवत होते तोवर तिनं आईचं सगळं उरकलं होतं. मी दारातून बघितलं. एका हातानं कुशीवर वळवलं, दुसऱ्या हातानं ओली चादर पाठीपर्यंत गुंडाळली, कोरडी सरकवली, परत वळवलं. एक सुरकुती नाही. मला इतकं सफाईनं कधी जमलं नव्हतं.

"वन्सं, हे कुठे शिकलात?"

"माझ्या सासूबाई जायच्या आधी वर्षभर अंथरुणाला होत्या ना. सगळं मीच करत होते." पावडरीचा डबा बंद करत ती हसली. मी काहीतरी चांगलं बोलेन अशी तिची अपेक्षा असावी.

म्हणजे येत होतं तिला सगळं. मे महिन्यात पायथ्याशी खुर्ची टाकून बसली होती तेव्हाही येत होतं.

मी चहाचा गॅस बंद केला, मागच्या दारानं बाहेर गेले आणि वाळलेले वेल ओढून काढायला लागले. सुतळी तुटेना तेव्हा बांबूंसकट अख्खा मांडव खाली ओढला.