जोडलेल्या हातांतला उजेड

"हात टेबलावर पालथा ठेव," डॉक्टर म्हणाले. मी ठेवला, पण तळवा टेबलाला टेकेचना. बोटं आत वळलेली, खाली पोकळी.

"याला काँट्रॅक्चर म्हणतात. जखम भरली, पण नवी कातडी आखडली. आता ती बोटं आत ओढते. रोज ताणली तर सैल पडेल, नाहीतर हात असाच राहील."

आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन दोनेक वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. चौथीत शाळा सोडलेला मी, ढाणकीहून यवतमाळला येऊन कापसाच्या जिनिंगमध्ये लागलो होतो. रुईच्या ढिगाला आग लागली आणि मी येड्यासारखा ती उजव्या हातानं दाबायला गेलो. मुकादम म्हणाला होता, "हात चालला त ये." ती काळजी होतीच. पण सकाळी वंदनेला हात जोडावे तर तळवे भिडत नव्हते, त्यानं जीव जास्त घाबरायचा.

सरकारी दवाखान्यात नागपूरला शिकून आलेल्या एक सिस्टर होत्या. आधी माझा हात कोमट पाण्यात. मग खोबरेल लावून अंगठ्यानं वणावर गोल गोल दाबायच्या. मग एकेक बोट मागं. डोळ्यांतून पाणी यायचं. शेवटी स्प्लिंट, म्हणजे लाकडाची फळी; तिच्यावर हात उघडा ठेवून पट्टीनं बांधायचा. शेजारच्या खाटेवरचे बाबा हसायचे, "सिस्टर दिसली का याचा हात चादरीत!"

फळी बांधायच्या आधी सिस्टर मला खिडकीशी उभं करत. "जोड हात, श्रावण. उजेड किती दिसते पाहू." पहिल्या दिवशी तळव्यांमधून अख्खं बोर गेलं असतं. तीन आठवड्यांनी चिंचोका जाईल एवढीच फट उरली.

मग माय आली. सिस्टर चार दिवस गावी गेलत्या. फळीला बांधलेला हात पाहून माय रडायलाच लागली.

"लेकराच्या हाताले लाकडं बांधते का कोनी?"

तिनं पट्टी सोडली, माझी मूठ मिटवली, लुगड्याच्या पदरात गुंडाळून मांडीवर घेतली. मला इतका आराम पडला की चारही दिवस मी फळी बांधलीच नाही. ही चूक माझी. मला सांगितलेलं होतं, तिला कुठं माहीत होतं?

सिस्टर आल्या. खिडकीशी हात जोडले, तर पुन्हा बोराएवढी फट. आता माय बोलणी खाणार, असं मला वाटलं. पण त्यांनी मायला स्टुलावर बसवलं आणि तिचा अंगठा धरून माझ्या वणावर ठेवला.

"माय, आता तुमीच दाबा. कातडी पांढरी पडेपर्यंत."

"दुखते ना वो त्याले."

"दुखू द्या. मूठ मिटली का बरं वाटते, पन हात तिथंच वाळते."

त्या दिवसापासून माय दाबायची. शेतात निंदणाऱ्या बाईचा अंगठा तो, सिस्टरपेक्षा जड. मी ओरडलो की म्हणायची, "वरड, पन हात नको वढू." आणि तोंड भिंतीकडं करायची.

दोन महिन्यांनी सुट्टी मिळाली. माय सिस्टरच्या पाया पडायला वाकली, तशा त्या मागं सरल्या. "माह्या पाया कायले पडता? त्याले म्हना, हात जोड."

मी जोडले. त्यांनी खिडकीकडं धरून पाहिलं. "ज्वारीचा दाना जाते अजून. तेवढं घरी काढ."

पुढं जिनिंगमध्ये परत लागलो. आता पोटापाण्यासाठी गावापासून लई दूर आहे, आणि माय राहिली नाही. कुणाचा हात भाजला असंल तर जखम भरल्यावर दवाखाना सोडू नका, एवढंच सांगतो. खरं काम तिथून सुरू होतं.

मी अजून रोज सकाळी तेल लावून वण दाबतो. माझा अंगठा मायएवढा जड पडत नाही. मग वंदनेला हात जोडतो. फट ज्वारीच्या दाण्याएवढीच राहिली, मिटली नाही. आता तिची भीती वाटत नाही. खिडकीकडं तोंड करून बसलो की तिच्यातून उजेड येतो, आणि यवतमाळच्या त्या स्टुलावर भिंतीकडं तोंड करून बसलेली माय दिसते.