गुरुवारी लाइट गेली की

सेटला हात लावण्याआधी प्रेमला मेश्राम उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं पदराला पुसत. घाम असो वा नसो. हडपसरच्या एका रेडिओ कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं कॉइली गुंडाळल्या होत्या, आणि केसाएवढ्या तारेला ओला हात चालत नाही. पंच्याण्णव साली कारखाना बंद पडला. बाहेरून तयार सेट येऊ लागल्यावर इथल्या कॉइली कुणाला हव्या होत्या? त्या जागेवर निळ्या काचांची आयटीची इमारत उभी राहिली. बोटं पुसणं तेवढं राहिलं. रोज सकाळी आठ वाजता, दुसऱ्या चहाच्या आधी.

हौशी रेडिओचा, म्हणजे घरून लांबच्या माणसांशी बोलायचा परवाना त्यांनी चौऱ्याऐंशी साली परीक्षा देऊन मिळवला होता. दिवसभर ज्यासाठी तारा गुंडाळतो तो आवाज येतो तरी कुठून, एवढंच त्यांना बघायचं होतं. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपासून समोरच्या बिल्डिंगपर्यंत त्यांची एरियलची तार ताणलेली असे. सोसायटीत त्यांना वायरवाल्या काकू म्हणत.

त्या तारेवर रोज बार्शीहून एक माणूस येई. उत्तरेश्वर मास्तर, निवृत्त शिक्षक. त्यांचा सेट त्यांनीच घरी बांधलेला, आणि तापू लागला की त्याचं स्टेशन जागेवरून सरके. मग मास्तरांचा आवाज बदकासारखा होई. बाई त्यांना गाठायला आपलं मोठं बटण फिरवत. पण त्या बटणानं ऐकण्याबरोबर बोलणंही सरकतं. तिकडे मास्तरांना वाटे, बाईच हलल्या, म्हणून तेही फिरवत. असं एकमेकांमागे जाता जाता एकदा दोघं चार अनोळखी लोकांच्या गप्पांत जाऊन धडकले.

"काय हो, सकाळचं फिरायला निघालात का दोघं?" त्यांतला एक म्हणाला. "आमच्या ओसरीवर आलात. चहा टाकू?"

नव्याण्णव साली मुलगा दिग्विजय परदेशातून येताना, सगळी कागदपत्रं करून, जपानी सेट घेऊन आला. त्यावर मोठ्या बटणाखाली बोराएवढं एक लहान बटण होतं. त्यानं फक्त ऐकणं सरकतं, बोलणं जागच्या जागी राहतं. मास्तरांच्या सेटवर असं काही नव्हतं. तेव्हापासून ठरलं, मास्तरांनी कशालाही हात लावायचा नाही, ते जसे सरकतील तसं बाईंनी लहान बटणावर मागे जायचं. केसभर डावीकडे, केसभर आणखी. बदकातून पुन्हा माणूस निघाला की बाई थांबत. वीस मिनिटांत असं सात-आठ वेळा होई.

इतक्या वर्षांत ते प्रत्यक्ष एकदाच भेटले, स्वारगेटला. मास्तरांनी पेरू दिले आणि बार्शीची एसटी पकडली.

मग हडपसर भरत गेलं. टॉवर आले, घरोघरी चार्जर आले, केबलचे डबे आले. त्या सगळ्याची खरखर तारेवर उतरू लागली. ती खरखर मोजणारी सेटवरची सुई पूर्वी दोनवर असे, ती पाचवर आली, मग सातवर. दोन हजार सात साली दिग्विजय दोन वर्षांसाठी डलासला गेला आणि घरात बाई आणि सून जया अशा दोघीच उरल्या. जयाचा रोज सकाळी आठला अमेरिकेशी कॉल असे. तिचा लॅपटॉप भिंतीत खुपसला की सुई थेट नऊवर जाई. मग मास्तर नाहीत, कुणीच नाही, नुसती तळणाची चरचर.

"जया, तो चार्जर दहा मिनिटं काढतेस का?"

जयानं माइकवर हात ठेवला. "आई, याची बॅटरी मेलीये. काढला की कॉल गेला."

"बरं."

तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. कॉलची वेळ जयाच्या हातात नव्हती, हे त्यांना कळत होतं. पहाटे उठून डबा, मग कॉल, मग कंपनीची बस. ती पोरगीही दमलेलीच असे.

एकदा जयाच म्हणाली, "मास्तरांकडे मोबाइल आहे ना? फोन करा की."

"केला होता. जेवलात का विचारलं. जेवलो म्हणाले. मग दोघंही गप्प."

"आणि यावर काय बोलता?"

"आज मी पाचपैकी किती येते, तुम्ही किती येता."

"एवढंच?"

"एवढं पुरतं."

चार महिने तसे गेले. जया कामावर गेल्यावरही आता शेजारच्यांच्या चार्जरांनी सुई नऊवरच राही. बाई आठला बसत, बोटं पुसत, लहान बटण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेत. बार्शीत खरखर नव्हती, म्हणजे मास्तरांना त्या ऐकू येत असणार. म्हणून त्या रोज सांगत, "मास्तर, मला काही येत नाही." आणि सेट बंद करत. पुढे पुढे त्यांची पाठ दुखू लागली. सेटवर टॉवेल घालून ठेवावा, असं त्या एकदा बोलून गेल्या.

एका गुरुवारी जया तापानं घरी होती. दहाला लाइट गेली. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, त्यात नवीन काही नव्हतं. लिफ्ट थांबली, पंखा थांबला. आतल्या खोलीत बाईंनी सेट स्कूटरच्या बॅटरीला जोडला, सहज. जया दारात आली. सुई दोनवर होती. बाई लहान बटण फिरवत होत्या आणि सेटमध्ये नुसती स्वच्छ शांतता होती. मास्तरांची वेळ आठची.

"आई, नंबर कुठेय त्यांचा?"

"असू दे गं."

जयानं शोधून फोन लावला. "काका, मी जया, हडपसरहून. लाइट गेलीये आमची. सेट लावता का? आई बसल्यात."

"आत्ता? मी बाजारात आहे, पोरी. हातात मेथी आहे." मग घाईनं, "आलोच. तापायला पाच मिनिटं लागतील म्हणावं. तोवर लाइट आणू नका!"

अर्ध्या तासानं बदक बोललं. बाईंनी बोटं पुन्हा पुसली, केसभर डावीकडे गेल्या.

"बाई," मास्तर म्हणत होते, "चार महिने तुम्ही रोज म्हणता, येत नाही. आणि मी इथून रोज ओरडतोय, मला येतंय, मला येतंय."

बाईंनी माइक जवळ घेतला. मग म्हणाल्या, "आज तुम्ही पाच येताय."

त्यानंतर त्यांचा वार गुरुवार झाला. रोजचं आठवड्यावर आलं, ते त्यांनी मुकाट्यानं घेतलं. गुरुवारी लाइट गेली की बाई आधी बार्शीला फोन करत आणि "गेली" एवढंच म्हणत. जया कंपनीतून दुपारी विचारी, "आज किती आले?" कधी दुरुस्ती नसे, तो गुरुवार फुकट जाई.

असं सव्वा वर्ष चाललं. जानेवारीतल्या एका शनिवारी बाई दुपारी आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत. जयानं बार्शीला कळवलं तेव्हा मास्तर म्हणाले, गुरुवारचं त्यांचं शेवटचं वाक्य मी ऐकलंय.

त्या गुरुवारी थंडी होती आणि गारठ्यातून तापताना मास्तरांचा सेट फार सरकत होता. बाई मागे मागे जात होत्या. नातवाची शाळा, हरभरा, गुडघे, असं काहीबाही मास्तर सांगत होते. पावणेअकराला, नेहमीपेक्षा लवकर, पंखा गरगरला आणि सुई नऊवर गेली. बाईंनी लहान बटण दोनदा इकडून तिकडे नेलं. मग ते मधोमध आणून ठेवलं आणि माइक उचलला.

"लाइट आली, मास्तर. तुमचं काही येत नाही आता. बंद करा, सेट उगाच तापेल."