जिंदो नाही, गावठी

"हो काकू, कुत्र्यांचं स्वागतच आहे आमच्याकडे," फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "त्याला गादी देतो, वाटी देतो. खोली समुद्राकडची आहे. जात कोणती तुमच्या कुत्र्याची?"

"जिंदो," गुम-ने म्हणाली. हा शब्द उच्चारताना तिची पाठ आपोआप ताठ व्हायची. नवऱ्याची सवय तिला लागली होती.

पलीकडून तोच गोड आवाज आला, पण आता दार लोटून घेतल्यासारखा. "जिंदो आम्ही घेत नाही काकू. बाकीचे पाहुणे घाबरतात. माफ करा हं."

गुम-नेनं फोन मांडीवर ठेवला. सोकच्योच्या बंदरावर निळा ट्रक उभा होता आणि खारा वारा काचेच्या फटीतून शिट्टी घालत होता. शेजारच्या सीटवर गाम्जा पुढच्या पायांवर हनुवटी टेकून बसला होता. गाम्जा म्हणजे बटाटा. उकडून सोललेल्या बटाट्याचा असतो तसा त्याचा रंग, म्हणून हे नाव. आता तोंडाभोवती पांढरा झाला होता आणि मागचे पाय थंडीत आखडायचे.

सकाळपासून हे तिसरं दार बंद झालं होतं. मुलानं, सांग-उनं, सुवनमध्ये बसून फोनवर शोधून पत्ते पाठवले होते. प्रत्येकापुढे पंजाचं चित्र. पंजाचं चित्र म्हणजे कुत्र्याला प्रवेश. सगळीकडे पंजे होते, पण ते पामेरियनचे होते, पूडलचे होते, छकुल्या पांढऱ्या लोकरीच्या गोळ्यांचे होते. गाम्जाच्या पंजाएवढे कुणाचेच नव्हते.

सांग-उ आधीच म्हणाला होता, "आई, बाबांना फोटो दाखव ना. कुत्र्याला डोंगर ओलांडून न्यायचं काय खूळ आहे?"

"फोटोला वास येतो का?" तिनं विचारलं होतं.

नवरा इथल्या रुग्णालयात होता. झटका आल्यापासून उजवी बाजू गेली आणि शब्दही बरेचसे गेले. नणंदेच्या गावात खाट मिळाली म्हणून इथे आणलं. नणंद बोलायला गोड, पण कुत्र्याला भिते. "तू ये गं वहिनी, हवी तितकी राहा. तो मात्र नको," असं तिनं सांगितलं. रुग्णालयातली सेविका आठवड्याला फोन करायची आणि दर वेळी एकच सांगायची, "मावशी, काका रोज विचारतात, गाम्जा जेवला का. बाकी काही नाही बोलत."

"माझं विचारत नाहीत?"

"नाही हो."

गुम-ने हसायची. हसण्यानंतर बराच वेळ स्वयंपाकघरात भांडी उगाच इकडची तिकडे करायची.

मागच्या फोनमध्ये सेविकेनं आवाज खाली आणला होता. "आता गाम्जा म्हणायलाही त्रास होतो त्यांना. डॉक्टर म्हणाले, भेटायचं असेल तर लवकर या. कुत्र्याला अंगणात आणू देतील, सकाळी, थोडा वेळ." घाटात रात्री बर्फ पडतं, त्यामुळे सकाळी निघून वेळेवर पोचण्याची खात्री नव्हती. म्हणून ती आदल्या दिवशीच जोंगसनच्या घरून निघाली होती. रात्रीपुरता निवारा हवा होता, एवढंच. ट्रकमध्ये झोपायची तिची तयारी होती, पण गाम्जाच्या मागच्या पायांची नव्हती.

नवऱ्यासाठी लोकरीचे मोजे घ्यायचे होते. मोठ्या दुकानाच्या दारावर पंजा दिसला म्हणून ती आत गेली. कुत्र्यांसाठीच्या बाबागाड्या दारातच रांगेनं उभ्या होत्या. रखवालदार अदबीनं म्हणाला, "मावशी, कुत्रा गाडीत. चारही पाय आत, झाकण बंद. पाय जमिनीला लागता कामा नयेत."

"हा कसा मावेल त्यात?"

"नियम आहे मावशी."

दोघांनी मिळून गाम्जाला उचललं. पुढचं धड आत गेलं, मागचे पाय बाहेर लोंबत राहिले. रखवालदारानं एक पाय आत दाबला की दुसरा बाहेर यायचा. शेजारून एक बाई गाडी ढकलत गेली. तिच्या गाडीतल्या पामेरियनला गुलाबी कोट होता. थबकून तिनं विचारलं, "चावत नाही ना?"

"तुमचा चावतो का?" गुम-नेनं विचारलं.

गाम्जानं शेवटी स्वतःच निकाल लावला. उडी मारून तो दाराकडे चालू लागला, आणि गाडी त्याच्यामागे घरंगळत जाऊन खांबाला आपटली. मोजे राहून गेले.

बंदरामागच्या गल्लीत सुक्या माशाच्या रश्श्याची एक खानावळ होती. तिच्या दारावर पंजा नव्हता, काहीच नव्हतं. गुम-नेनं दारातूनच विचारलं, "आजी, कुत्रा आहे बरोबर. डबा मिळेल का बांधून?"

आतली म्हातारी हात पुसत बाहेर आली. गाम्जाकडे पाहिलं, गुम-नेच्या लाल झालेल्या कानांकडे पाहिलं. "आत नाही घेता येणार त्याला. पण माशांच्या टाकीपाशी वारा लागत नाही, तिथे बांध. तू दाराजवळच्या टेबलाशी बस, तुला तो दिसेल आणि त्याला तू."

रस्सा आला. गाम्जासाठी म्हातारीनं माशाचं बिनमिठाचं पाणी आणि मऊ उकडलेला मासा वेगळ्या वाटीत नेऊन ठेवला. "कुठे निघालीस याला घेऊन?"

गुम-ने सांगू लागली आणि सांगतच राहिली. नवरा, रुग्णालय, पंजे, गोड आवाजाची मुलगी. म्हातारीनं मध्ये एकदाच तोंड उघडलं. "तू प्रत्येक ठिकाणी जिंदो म्हणून सांगतेस?"

"जिंदोच आहे तो."

"कुणी सांगितलं?"

गुम-नेला तो बाजार आठवला. जोंगसनच्या आठवडी बाजारात एका बाईपुढे लाल रबरी टब होता, टबात पिल्लं वळवळत होती. कान उभे दिसले की आपल्याकडे विकणारा जिंदो म्हणतो आणि घेणारा मान डोलावतो. नवरा ट्रकमधून कोबी विकायला गेला होता, परतला तो पिल्लू कोटात घालून. "जिंदो आहे," तो दारातूनच म्हणाला होता. "जन्मात एकच मालक मानतो. जिंदो बेटावरून दूर विकला तरी चालत घरी येतो."

ती म्हणाली होती, "टबातला जिंदो! कोबीचे पैसे घालवले आणि गावठी घेऊन आला."

हे भांडण मग घरात मुरलं. गाम्जानं चप्पल पळवली की ती म्हणायची, "बघा तुमचा खानदानी." तो म्हणायचा, "चप्पलसुद्धा चांगलीच निवडतो." गाम्जा ट्रकमध्ये त्याच्या शेजारी बसून बाजारोबाजार हिंडला. परक्या माणसांसमोर मात्र तिनं कधी तोंडातून गावठी हा शब्द काढला नाही. कुणी विचारलं तर जिंदोच. नवऱ्याची एवढी एक बढाई तिनं बाहेर सांभाळली होती.

"गावठी म्हण," म्हातारी वाटी उचलत म्हणाली. "कोण तपासायला बसलंय? उतारावर निळ्या छपराची जुनी लॉज आहे. मालक कुत्रेवाला आहे, पण जिंदोचं नाव काढलंस तर तोही हात जोडेल. मागे एका जिंदोनं त्याच्या पाहुण्याचा चावा घेतला होता."

निळ्या छपराखाली मालकानं चष्मा कपाळावर चढवून गाम्जाकडे निरखून पाहिलं. गाम्जा दमून तिथेच लादीवर बसला. बाहेर समुद्र काळा पडत चालला होता.

"जिंदो तर नाही ना, काकू?"

गुम-नेचे ओठ सवयीनं त्याच शब्दासाठी उघडले होते. तिनं ते मिटले.

"नाही," ती म्हणाली. "गावठी आहे. बाजारात रबरी टबातून घेतला होता."

"कान तर जिंदोसारखे दिसतात."

"कानच तेवढे. बाकी काही नाही. साधा, रस्त्यावरचा."

तिनं हे वाक्य घरात शंभरदा म्हटलं होतं आणि दर वेळी हसून म्हटलं होतं. आज मात्र जीभ जड झाली. मालकानं किल्ली दिली, वर एक जुनी चादरही दिली. "एकच रात्र हं. उद्या गट येतोय."

खोलीत गाम्जा खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर आडवा झाला आणि लगेच घोरू लागला. गुम-नेनं त्याच्या कानामागे खाजवलं. "म्हणायलाच लागलं रे," ती म्हणाली. "तुझ्या बाबांना सांगू नकोस."

सकाळी रुग्णालयाच्या अंगणात ऊन होतं, पण उन्हाला ऊब नव्हती. सेविकेनं चाकाची खुर्ची ढकलत आणली. नवरा ब्लँकेटात इतका आत गेला होता की आधी टोपीच दिसली. गुम-नेनं ठरवून ठेवलं होतं: जवळ न्यायचं, दोरी सोडायची, गाम्जा धावेल, त्याच्या मांडीवर पाय टाकेल. वाटभर तिनं हेच चित्र पाहिलं होतं.

तिनं दोरी सोडली.

गाम्जा हळूहळू गेला. खुर्चीचं चाक हुंगलं, ब्लँकेटची किनार हुंगली. लोंबणारी उजव्या हाताची बोटं हुंगली, औषधाचा वास आला असावा, नाक मागे घेतलं. नवऱ्याचा डावा हात ब्लँकेटबाहेर येऊन पुढे झाला. गाम्जानं त्या हाताकडे पाहिलं. शेपटी एकदा हलली, ओळखीच्या शेजाऱ्याला हलवावी तशी. मग तो वळला, आखडत्या पायांनी गुम-नेकडे आला आणि तिच्या दोन्ही पावलांवर बसला.

सेविका ओशाळून म्हणाली, "खूप दिवस झाले ना काका. विसरला असेल."

गुम-नेला तोंड कुठे लपवावं कळेना. "थंडीनं असं होतं," ती म्हणाली. "रात्री झोप नाही झाली त्याची. जा रे, जा ना त्यांच्याकडे." तिनं पाय हलवले. गाम्जा हलला नाही.

नवऱ्याचा हात हवेतच होता. तोंडाची डावी बाजू हलू लागली. सेविका वाकली. "काय काका? गाम्जा?"

त्यानं मान हलवली, नाही. पुन्हा प्रयत्न केला. घशातून घरघर आली, मग शब्द आला, अर्धा पण ओळखता येईल असा.

"जिंदो."

"हो, जिंदो आहे, आम्हाला माहीत आहे," सेविका म्हणाली.

तो तिच्याकडे पाहत नव्हता. त्यानं बोट वर केलं, एकच बोट, आणि हनुवटीनं गुम-नेकडे दाखवलं. डोळ्यांत जुनी बढाई होती, दारातून पिल्लू आणताना होती तीच. आपलं म्हणणं शेवटी खरं निघालं, असा त्याचा चेहरा होता.

"मालक," तो म्हणाला. "एक."

गुम-नेला काल लॉजमध्ये बोललेलं सगळं आठवलं. सांगावं की न सांगावं, याचा विचार करायलाही वेळ नव्हता. सेविका घड्याळ पाहून म्हणाली, "न्यायला हवं मावशी, गारठतील," आणि खुर्ची फिरवली. फिरवताना ब्लँकेट सरकलं. त्याचे घोटे उघडे होते, सुकलेले, निळसर. मोजे तिच्या हातून राहूनच गेले होते. ती हाक मारणार होती, पण खुर्ची उतारावरून आत निघाली होती. तिची पावलं मात्र गरम होती. गाम्जा अजून त्यांच्यावरच बसला होता.