पाळण्याखाली उभी राहिलेली केसरबाई

धर्मराज चाळीस फुटांवरून पडला ते साल दोन हजार बाराचं. पाऊस नाही, ऊस नाही, सहकारी साखर कारखाना बंद; म्हणून गोदामाच्या पत्र्यांची डागडुजी काढलेली. क्रेनला टांगलेल्या लोखंडी पाळण्यात उभा राहून तो पत्रे ठोकत होता. पाळण्याला हिसका बसला आणि धर्मराज खाली येऊन जागीच मेला. फोरमन सुंदररावानं लिहून दिलं, कमरेचा पट्टा दिला होता, यानंच बांधला नाही.

केसरबाई धर्मराजची बायको, वडवणीकडची. नवरा घरी येऊन काय सांगायचा ते तिला पाठ होतं. "आमाला पट्टेच न्हाईत. मागितले तर हसतेत." तिनं ते दहा जणांना सांगितलं. कुणी मनावर घेतलं नाही. कारखान्यानं झाडलोटीची नोकरी दिली, ती तिनं मुकाट घेतली. लोक म्हणाले, बाई निवली. ती निवली नव्हती. सुंदरराव रोज नजरेसमोर पाहिजे होता, म्हणून तिनं झाडू धरला.

दोन वर्षांनी क्रेनखाली झेंडी दाखवायला माणूस हवा झाला, तेव्हा ती पुढं झाली. क्रेन चालवणाऱ्या पाशानं तिला काम शिकवलं. क्रेनच्या चारी पायांखाली फळ्या आहेत का, दोराची तार तुटली का, वारं किती, खाली कोणी उभं नाही ना. पट्टा बांधल्याशिवाय पाळण्यात पाय ठेवू द्यायचा नाही.

"आन् भाभी, तुमची लाल झेंडी वर गेली की मी खटका हलवणार न्हाई. चेअरमननं सांगितलं तरी."

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात कारखाना पुन्हा बंद पडला. आवारात सभासद जमले होते. त्यांना पत्र्याचं काम दाखवायला सुंदरराव स्वतः घाईघाईनं पाळण्यात चढला. पट्टा खुंटीवरच राहिला. केसरबाईनं तो पाहिला. अडवणं तिचं काम होतं. तिनं हिरवी झेंडी दाखवली.

पाळणा गोदामाच्या वर गेल्यावर तिनं लाल झेंडी उचलली. पाशानं क्रेन थांबवली.

"कावून थांबवलं बे?" सुंदरराव वरून ओरडला.

"पट्टा खाली राहिलाय, साहेब," केसरबाई म्हणाली.

"मग खाली घे मला!"

"घेते. आधी सांगा, धर्मराजला पट्टा दिलता का?"

सभासद जवळ सरकले. वाऱ्यानं पाळणा डुलू लागला. सुंदरराव दोन्ही हातांनी दांडी धरून गुडघ्यावर बसला.

"भाभी, माणूस चक्कर येऊन पडंल," पाशा कासावीस झाला.

"मला ठाव हाय."

"न्हाई दिलता!" वरून आवाज आला. "पट्टे आणलेच नव्हते!"

"मोठ्यानं सांगा. सगळ्यांना ऐकू द्या."

त्यानं पुन्हा सांगितलं, रडत. मग तिनं हिरवी झेंडी दाखवली आणि पाशानं पाळणा खाली घेतला.

विठ्ठलराव नावाच्या म्हाताऱ्या सभासदानं ते बोलणं तिथंच लिहून घेतलं, सह्या घेतल्या. जुना अहवाल रद्द झाला, सुंदररावाला घरी बसवलं. बिनपट्ट्याचा माणूस वर सोडला म्हणून केसरबाईलाही काढलं. ती भांडली नाही.

पाशा मात्र दुखावला. "मी शिकवलं ते असल्या कामासाठी न्हाई, भाभी."

"तुमचं खरं हाय," ती म्हणाली. तो वर्षभर तिच्याशी बोलला नाही.

आता ती वडवणीच्या बाजारात भाजी विकते. विचारलं तर काही लपवत नाही. "चूक केली मी. पण तो गुडघ्यावर बसलेला आठवला की अजून लई बरं वाटतं."