दाताखालचा मका

काय हो, माणसानं भरवसा कुणावर ठेवावा? पस्तीस वर्षांच्या अनुभवावर, का पुस्तक वाचून आलेल्या मास्तरणीवर? घाई करू नका. चहाचा घोट घ्या. मी या प्रश्नाचं उत्तर एकदा लई ताठ मानेनं दिलं होतं, आणि माझी जी काय शोभा झाली म्हणता!

मी मोंढ्यातला, म्हणजे धान्याच्या बाजारातला आडत्या. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं पोत्यांनी शिकवलं. मक्याचा दाणा दाताखाली धरायचा. कटकन फुटला की सुका, चेपला की ओला. ओला माल गोदामात गेला की बुरशी धरते, म्हणून ही पारख म्हणजे आमच्या धंद्याचा प्राणच. अख्खा बाजार म्हणायचा, शेठचे दात म्हणजे मशीन! आणि मला ते खरं वाटायचं.

बजाजनगरात गोदामातलं काम शिकवणारं एक केंद्र आहे. त्यांनी मला मक्याची पारख शिकवायला बोलावलं. तिथं वाघमारे मॅडम. बोलायला मऊ, हटायला तयार नाही.

पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "शेठ, संशोधन असं सांगतं की नुसतं बघून हात बसत नाही. पोरांनी आधी स्वतः अंदाज बांधावा, तो लिहावा, आणि लगेच मॉइश्चरच्या मशीनवर तपासावा. चूक जिथल्या तिथं कळते."

"मॅडम, पोहायला काय कागदावर शिकता?"

"नाही ना. पण काठावर उभं राहून तुमचं पोहणं बघूनही नाही शिकत."

आता हे ऐकून कोण गप बसंल? मी म्हटलं, होऊन जाऊ द्या! निम्मी पोरं तुमची, निम्मी माझी. आठ दिवसांनी दहा वाट्यांत ओला-सुका मका मांडू, बघू कुणाचा माल खरा.

माझ्या गटात रुक्मिणी होती, पाचोडकडची. घरी मेंढरं. शिक्षण संपताच एका मोठ्या गोदामाचे साहेब परीक्षा घेऊन दोघांना कामावर ठेवणार होते. ती म्हणाली, "सर, ही नोकरी लागली तर मी इथं राहीन. नाय तर बाप पुन्हा मेंढरांमागं धाडतोय. नीट शिकवा हां!"

"अगं, माझ्या हाताखाली आलीस, आता साहेबच तुला शोधत येतील."

माझी पद्धत सोपी. मी दाणा चावायचो, ओला का सुका ते सांगायचो, मग पोरं चावायची. आठ दिवसांनी चाचणी झाली. मॅडमच्या पोरांना दहापैकी सात-आठ. माझ्या पोरांना? दहापैकी दहा! सगळ्यांना! मी केंद्रभर पेढे वाटले.

मॅडमनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. "शेठ, वाट्या तुम्हीच मांडल्या, उत्तरं तुम्हाला ठाऊक, आणि पोरांसमोर तुम्हीच उभे."

"मग काय पडद्याआड बसू? नवी नवरी हाय का मी?"

असं म्हणालो. हसलोसुद्धा. काय अवदसा आठवली होती!

परीक्षेच्या दिवशी गोदामाचे साहेब आले. वाट्या त्यांनी मांडल्या. मला म्हणाले, "तुम्ही मागं खुर्चीवर बसा." बसलो. रुक्मिणीनं पहिला दाणा चावला आणि गर्रकन मान वळवून माझ्याकडं बघितलं. मला काय ठाऊक त्या वाटीत काय आहे? मी आपला कोरा. तिनं दुसरा दाणा चावला, पुन्हा माझ्याकडं. तिच्यामागचा पोरगाही माझ्याकडं. सगळा गट माना वळवून बसला, लग्नाच्या फोटोसारखा!

साहेब वैतागले. "अरे, त्यांच्याकडं काय बघता?"

रुक्मिणी रडकुंडीला आली. "ओला असला की सरांची डावी भुवई वर जाते. आज जाईनाच!"

संपलं. आठ दिवस मी मका शिकवलाच नव्हता हो, भुवई शिकवली होती! माझा अख्खा गट नापास. एक जागा मॅडमच्या पोरानं पटकावली.

बाहेर रुक्मिणीनं मला गाठलं. "गेली ना माझी नोकरी तुमच्या तोंडापायी!"

साहेबांच्या हातापाया पडलो, उरलेल्या जागेसाठी आठ दिवसांची मुदत मागितली. मग मॅडमसमोर जाऊन म्हटलं, "तुमच्या पद्धतीनं शिकवा, मी पोती उचलतो." त्या एका शब्दानं टोचून बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं. पोरांनी दाणा चावायचा, अंदाज लिहायचा, मशीनवर बघायचं. चुकायची, हसायची, पुन्हा चावायची.

पुन्हा परीक्षा झाली. रुक्मिणीला दहापैकी नऊ! साहेबांनी जागेवर सांगितलं, "एक तारखेपासून ये."

इथं मी घरी जायला पाहिजे होतं. पण आडत्याची खोड! म्हटलं, "साहेब, पोरीचे दात तयार झाले, आता उस्तादाचेही बघा." आणि बसलो वाट्यांसमोर.

दहापैकी चार.

"मशीन बिघडलंय!" मी ओरडलो.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "शेठ, मोंढ्यात दाणा चावताना समोर कोण असायचं?"

"कोण म्हणजे? माल घेऊन आलेला शेतकरी."

"आणि माल ओला असला की?"

मग मला आठवलं. माल ओला असला की गडी माझ्याकडं न बघता ट्रॅक्टरच्या चाकाकडं बघायचा! पस्तीस वर्षं मी दाणा चावत होतो आणि तोंड वाचत होतो. वाटीला तोंडच नाही, तर वाचणार काय?

रुक्मिणी खडू घेऊन फळ्यापाशी गेली. सगळ्यांचे गुण लिहीत होती. "सर, तुमचे किती लिहू?"

"सहा लिही. दोन तर थोडक्यात हुकले."

"व्हय का?" म्हणाली, आणि चांगला ठसठशीत चार काढला.

तर मंडळी, हा किस्सा तुम्ही चार ठिकाणी सांगणार, मला माहीत आहे. खुशाल सांगा, वर मीठमसाला लावा. फक्त हिशोब खरा ठेवा. चार म्हणजे चारच. माझी कीव येऊन पाच करू नका.